माणसांचे मोजमाप

सकाळी वर्तमानपत्र उघडावे आणि त्यात एखाद्या पाहणीचे निष्कर्ष नसावेत, असा दिवस आता क्वचितच उजाडतो. मुले किती वेळ मोबाइल पाहतात, तरुणांना कशा प्रकारची नोकरी हवी, म्हातारी माणसे किती एकटी पडली आहेत, कोणत्या पक्षाचे पारडे जड आहे, सगळ्याची टक्केवारी तयार असते. आपण चहाचे घोट घेत ती वाचतो. पटली तर ‘बघा, मी म्हणतच होतो’ असे घरच्यांना ऐकवतो. नाही पटली तर ‘आम्हाला कुठे कुणी विचारायला आले होते?’ असे म्हणून पान उलटतो. दोन्ही वेळा एक गोष्ट राहून जाते. ही टक्केवारी आली कुठून? कुणी, कुणाला, कोणत्या शब्दांत आणि कुणाच्या देखत काय विचारले?

हा प्रश्न फक्त समाजशास्त्राच्या प्राध्यापकांचा असता तर रविवारच्या पुरवणीत त्याला जागा मागण्याचे कारण नव्हते. पण कुणाला रेशन मिळायचे, कुणाला कर्ज, कुणाला आरक्षण आणि कोणत्या धरणग्रस्ताला किती जमीन, हे सारे शेवटी कुणीतरी केलेल्या मोजणीवर ठरते. मोजणीतून जो सुटला तो सरकारच्या लेखी नसतोच. आणि आता तर एक फार मोठी मोजणी आपल्या दाराशी येऊन ठेपली आहे. २०११ नंतर रखडलेली जनगणना २०२७ मध्ये होणार, आणि १९३१ नंतर प्रथमच तीत सगळ्यांच्या जातींची नोंद घेतली जाणार, असे केंद्र सरकारने २०२५ मध्ये जाहीर केले. त्यानिमित्ताने माणसे मोजण्याच्या निरनिराळ्या रीती, त्यांचे गुण आणि त्यांची खोट यांचा थोडा विचार करावा असे वाटले.

मी समाजशास्त्रज्ञ नव्हे. उमेदीची वर्षे बँकेच्या नोकरीत गेली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. पहिल्या धंद्यात माणूस आकड्यांत पाहावा लागतो, दुसऱ्यात गोष्टीत. समाजशास्त्रात गेली शंभर वर्षे जे दोन पंथ एकमेकांशी भांडत आले, ते माझ्या टेबलावर रोजच शेजारी शेजारी बसलेले असत. म्हणून या भांडणात मला रस आहे आणि म्हणूनच त्यातल्या कोणत्याही एका पंथाची कंठी मला घालवत नाही.

आधी आकड्यांची बाजू मांडतो, कारण लेखक मंडळी तिच्यावर नेहमीच अन्याय करतात. शितावरून भाताची परीक्षा ही आपल्याकडची जुनी म्हण. नमुना पाहणीचे सगळे शास्त्र त्या एका म्हणीत आहे. एखाद्या खेड्यात आयुष्य काढलेल्या माणसालाही देशातल्या लाखो खेड्यांत काय चालले आहे ते सांगता येत नाही. त्याला शेजारच्या तालुक्याचीही खात्री नसते. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये ग्रामीण पतपुरवठ्याची देशव्यापी पाहणी केली. ७५ जिल्हे, ६०० खेडी आणि १,२७,३४३ कुटुंबे. ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीत धनंजयराव गाडगीळही होते. १९५४ मध्ये अहवाल बाहेर आला आणि एक गोष्ट लख्ख दिसली. शेतकऱ्याने उचललेल्या दर शंभर रुपयांतले जवळजवळ सत्तर रुपये सावकाराकडून आलेले होते. सहकारी संस्थांचा वाटा तीन रुपयांच्या थोडा वर, व्यापारी बँकांचा तर रुपयाच्याही आत.

सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ मधला. पन्नास वर्षे सहकाराचे गोडवे गायल्यावर हाती आलेले ते तीन रुपये होते. हे सांगायला कुणा कादंबरीकाराची करुणा उपयोगी पडली नसती. सावकारी पाशावर तोवर गोष्टी पुष्कळ लिहून झाल्या होत्या, पण ‘हे एखाद्या गावचे असेल’ म्हणून त्या बाजूला ठेवता येत. सहाशे गावांचा आकडा बाजूला ठेवता येईना. १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि पाच वर्षांत चारशे नव्या शाखा उघडण्याची जबाबदारी तिच्यावर आली, त्यामागे ही पाहणी होती. चांगल्या मोजणीत एवढे बळ असते.

पण शितावरून भात कळायचा तर भात वरखाली नीट हलवलेला हवा. अमेरिकेत १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ नावाच्या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. चोवीस लाखांच्या आसपास उत्तरे आली. त्यांवरून त्यांनी लँडन निवडून येणार असे सांगितले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी अठ्ठेचाळीसपैकी सेहेचाळीस राज्ये जिंकली. पत्ते प्रामुख्याने टेलिफोनच्या याद्यांतून आणि मोटारमालकांच्या नोंदींतून घेतले होते, आणि मंदीच्या त्या दिवसांत टेलिफोन व मोटार कुणाकडे होती हे सांगायला नकोच. शिवाय आलेल्या पत्राला उत्तर पाठवणारी माणसे आणि न पाठवणारी माणसे यांच्यात फरक असतोच. चोवीस लाख शिते तपासली, पण ती सगळी वरच्या थरातली. आपल्याकडेही २००४ आणि २०२४ च्या लोकसभा निकालांनी मतदानोत्तर चाचण्यांची चांगलीच फजिती केली. नमुना मोठा असला म्हणजे खरा असतोच असे नाही, एवढे त्यातून घ्यायचे.

आता समजा, नमुना अगदी काटेकोर निवडला. तरी पुढे प्रश्न विचारायचाच असतो, आणि प्रश्न विचारला की समोरचा माणूस आधी विचारणाऱ्याकडे पाहतो. १९८६-८७ च्या सुमारास मी एका ग्रामीण शाखेत होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाची कर्जे वाटण्याचे ते दिवस. वर्षाचे उत्पन्न ४,८०० रुपयांच्या आत असलेल्या कुटुंबांचा पहिला हक्क, असा नियम होता. गावोगावच्या याद्या येत. त्यांत उत्पन्नाच्या रकान्यात पाहावे तर कुणाचे साडेचार हजार, कुणाचे सेहेचाळीसशे, कुणाचे सत्तेचाळीसशे. सगळे गाव जणू ठरवून त्या रेषेच्या आत अंग चोरून उभे होते. त्यातलाच एखादा पुढे विहिरीवरच्या मोटारीसाठी अर्ज घेऊन आला की त्याचे उत्पन्न दुपटीवर गेलेले असे, कारण आता परतफेडीची ऐपत दाखवायची असे. आणि मुलीच्या सोयरिकीच्या बैठकीत तो काय आकडा सांगत असेल, ते मी विचारले नाही.

तो माणूस खोटारडा होता असे मला कधी वाटले नाही. विचारणारा कोण आणि कशासाठी विचारतो आहे, हे ओळखून तो बोलत होता. आपणही तेच करतो. आयकर विवरणपत्रात एक, फ्लॅटच्या कर्जाच्या अर्जात दुसरे आणि व्याह्यांपुढे तिसरे. प्रश्नावली घेऊन फिरणारा संशोधक म्हणजे थर्मामीटर नव्हे. त्याचे कपडे, त्याची भाषा, त्याचे आडनाव आणि त्याच्या मागे उभा असलेला गावचा पुढारी, हे सगळे उत्तरात उतरते.

याहून मोठी खोट प्रश्नाच्या शब्दांत असते. तिचे एक उदाहरण मला विसरता येत नाही. १९६१ च्या जनगणनेत देशातल्या काम करणाऱ्या स्त्रियांची संख्या सुमारे सहा कोटी होती. १९७१ मध्ये ती तीन कोटींच्या थोडी वर, एवढीच भरली. मधल्या दहा वर्षांत लोकसंख्या वाढली, शेते तीच, खुरपणी-काढणी तीच. मग तीन कोटी बाया गेल्या कुठे? त्या कुठेच गेल्या नव्हत्या. विचारण्याची रीत बदलली होती. १९६१ मध्ये हंगामाच्या बऱ्याच मोठ्या भागात रोज तासाभराहून जास्त नियमित काम करणारी व्यक्ती कामकरी धरली गेली. १९७१ मध्ये आधी प्रश्न आला तो मुख्य काम कोणते याचा. पहाटे उठून पाणी, चूल, पोरे, गुरे आणि मग दिवसभर शेत, असे राबणाऱ्या बाईने, किंवा तिच्या वतीने ओसरीवर बसलेल्या तिच्या नवऱ्याने, सांगितले, ‘घरकाम’. प्रगणकाने तसे लिहून घेतले. कुणी खोटे बोलले नाही, कुणी हिशेबात चूक केली नाही, आणि तरी तीन कोटी बाया कागदावरून पुसल्या गेल्या. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर ताळेबंद जुळला होता आणि तिजोरी मात्र रिकामी होती.

याचे उत्तर समाजशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ यांनीच पुढे शोधले, हेही सांगितले पाहिजे. ‘तुम्ही काम करता का?’ असे विचारायचेच नाही. काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत काय काय केले, ते अर्ध्या अर्ध्या तासाने सांगा, असे विचारायचे. २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभरातल्या १,३८,७९९ कुटुंबांत अशी वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात, म्हणजे जवळजवळ पाच तास. पुरुष ९७ मिनिटे. तीही जे पुरुष असले काम करतात त्यांची सरासरी. मुळात असे पुरुष शंभरात सव्वीसच निघाले, स्त्रिया एक्याऐंशी. २०२४ मध्ये पुन्हा पाहणी झाली तेव्हा हे आकडे २८९ आणि ८८ मिनिटे होते. जी बाई १९७१ च्या रकान्यात बसली नव्हती, ती नव्या रकान्यात मिनिटांसकट दिसू लागली.

या पद्धतीलाही मर्यादा आहेतच. एका हाताने भाजी ढवळत, दुसऱ्या हाताने पाळणा हलवत, धाकट्याचे पाढे म्हणून घेत असलेल्या बाईची ती तीस मिनिटे कोणत्या रकान्यात घालायची? एका वेळी चाललेली दोन-तीन कामे नोंदता येतात. पण सासूबाईंना औषध दिले का, दूधवाल्याचे पैसे राहिले का, हा जो विचार डोक्यात सतत चालू असतो त्याला मिनिटे लागत नाहीत आणि रकानाही नसतो. तिथे आकडे हात टेकतात.

म्हणून काही संशोधकांनी कागद-पेन्सिल पिशवीत ठेवून गावात जाऊन राहण्याची वाट धरली. आपल्याकडे याची एक जुनी सुरुवात पुण्याजवळच झाली. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाचा कसून अभ्यास केला आणि १९१७ मध्ये तो प्रसिद्ध केला. आज तिथे उंच इमारती, मॉल आणि वाहतुकीची कोंडी आहे. तेव्हा तिथे १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली होती आणि त्यांतले ४६३ तुकडे एक एकराहून लहान होते. जुने दप्तर धुंडाळून मान यांनी दाखवले की १७७१ मध्ये सरासरी चाळीस एकरांचे असलेले खाते १९१४-१५ पर्यंत सात एकरांवर आले होते. देशव्यापी पाहणीत असा दीडशे वर्षांचा तळ लागत नाही. एका गावाशी चिकटून बसले तरच तो लागतो. पण पिंपळे सौदागर पुण्याच्या कुशीतले गाव, तिथल्या लोकांना शहरात मजुरी मिळे. अशा गावावरून दख्खनबद्दल बोलणे बरे नव्हे हे मान यांनी ओळखले, आणि दूरच्या कोरडवाहू भागातले जातेगाव बुद्रुक निवडून एन. व्ही. कानिटकर यांच्यासह त्याचा वेगळा अभ्यास १९२१ मध्ये प्रसिद्ध केला. स्वतःच्या पद्धतीचे दुबळेपण ओळखून पुढचे पाऊल टाकायचे, हा धडा शंभर वर्षांपूर्वीचा आहे.

गावात राहून केलेल्या अभ्यासाचे नावाजलेले उदाहरण म्हणजे एम. एन. श्रीनिवास यांचे रामपुरा. श्रीनिवास हे मुंबई विद्यापीठात गोविंद सदाशिव घुर्ये यांचे विद्यार्थी, पुढे ऑक्सफर्डला शिकलेले. १९४८ मध्ये ते म्हैसूरजवळच्या या खेड्यात जाऊन राहिले. जातीची उतरंड ग्रंथांत लिहिली आहे तशी सरळ नसते, गावात जमीन आणि माणूसबळ ज्या जातीकडे तिचाच शब्द चालतो, हे त्यांना तिथे राहून दिसले. ‘प्रबळ जात’ हा आज राजकारणाच्या गप्पांत सहज वापरला जाणारा शब्द रामपुऱ्यातून आलेला आहे. पुढे एप्रिल १९७० मध्ये ते अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे पुस्तक लिहीत असताना जाळपोळ झाली आणि व्यवस्थित लावलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती भस्मसात झाल्या. वर्षानुवर्षांची मेहनत गेली. तेव्हा त्यांनी आठवणींच्या आधारे गाव लिहून काढले. ते पुस्तक १९७६ मध्ये आले आणि आजही वाचले जाते. माझ्यातल्या कादंबरीकाराला याचा आनंद होतो. टिपणे जळाली तरी माणसे उरली होती, कारण ती मुळात नुसती टिपणे म्हणून भेटलीच नव्हती.

पण माझ्यातला बँक अधिकारी इथे चष्मा पुसतो. आठवणीचे लेखापरीक्षण कुणी करायचे? दुसरा संशोधक त्याच गावात गेला असता तर त्याला तेच दिसले असते का? शिवाय श्रीनिवास राहिले ते गावच्या मुख्याच्या घरात. स्वतः ब्राह्मण. त्या घरात राहून दलित वस्तीत मोकळेपणी ऊठबस करणे अवघड होते, आणि आपण गाव वरच्या जातींच्या नजरेने पाहिले हे त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले आहे. गावात जाऊन राहिले तरी कोणत्या आळीत राहिलो हा प्रश्न उरतोच. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले तेव्हा मराठी वाचकाला जे हादरे बसले, त्यांचे कारण हेच होते. गाव तेच, पण महारवाड्यातून पाहिलेले. ते आत्मकथन आहे, संशोधन नव्हे. पण कित्येक अहवालांत न आलेले एक जग त्याने समोर ठेवले, हे समाजशास्त्राच्या अभ्यासकांनीही मान्य केले.

इथवर वाचून कुणी म्हणेल, म्हणजे आकडे कोरडे आणि गोष्टी ओल्या, आकडे वरून पाहणारे आणि गोष्टी आतून. तसे समजणे सोयीचे आहे, खरे नाही. सर हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने लोकांची नाके मोजून असा सिद्धान्त मांडला होता की नाक जितके रुंद तितकी जात खालची. त्याच रिस्लेने १९०१ च्या जनगणनेत जातींची उच्चनीच क्रमवारी लावायला घेतली. त्या सिद्धान्ताला नुसत्या तळमळीने उत्तर देता आले नसते. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात तेच आकडे पुन्हा तपासले आणि उत्तरेचा काही भाग सोडला तर हे गणित कुठे जुळत नाही असे दाखवले. त्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे १९२० च्या दशकाअखेरीस बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधन करीत होत्या. युरोपियनांच्या कवटीची ठेवण त्यांचे बौद्धिक श्रेष्ठत्व दाखवते, ही तिथली गृहीत गोष्ट. बाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा फरक आढळत नाही असे लिहून दिले. परक्या देशात, मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध. गोष्टींच्या जगात वंशश्रेष्ठत्वाची कथा फार रंगतदार झाली होती. तिला टाचणी लावली ती एका प्रामाणिक मोजपट्टीने.

आणि याच इरावतीबाई पुढे ज्ञानोबांच्या पालखीबरोबर पंढरीच्या वाटेने चालल्या. कवट्या मोजणाऱ्या बाई दिंडीत वारकरी बायांबरोबर चालल्या, बसल्या, बोलल्या. त्या प्रवासावरचा त्यांचा लेख मराठी वाचकाला परका नाही. १९६२ मध्ये त्याचे इंग्रजी रूपांतर परदेशी नियतकालिकातही आले. एकच दिंडी, एकच नाम, आणि तरी ब्राह्मणांची आणि मराठ्यांची पंगत मात्र निराळी, ही बोच त्यांनी त्यात लिहून ठेवली. प्रश्नावलीत ‘तुम्ही भेदभाव पाळता का?’ असे विचारले असते तर सगळ्या दिंडीने ‘छे, विठ्ठलापुढे कसला भेद?’ असेच सांगितले असते, आणि मनापासून सांगितले असते. चूल कुठे पेटते आणि ताट कुठे मांडले जाते हे बघायला मात्र दुपारच्या मुक्कामाला तिथे असावे लागते. पुढे कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांची पाहणी त्यांनी जाई निंबकर यांच्याबरोबर केली, ती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथे पुन्हा घरोघरची विचारपूस आणि आकडेवारी. जसा प्रश्न तसे माप. दूध लिटरने, कापड मीटरने. लिटरने कापड मोजता येत नाही म्हणून लिटरला कुणी दोष देत नाही. मापात पाप येते ते एकाच मापाने सगळा बाजार मोजायचा हट्ट धरला की.

हा हट्ट आजच्या काळात मला जास्त जाणवतो. आता मोजणे फार सोपे झाले आहे. मोबाइलवर प्रश्न येतो, अंगठा दाबला की उत्तर जाते, संध्याकाळपर्यंत रंगीत आलेख तयार. ज्याच्याकडे मोबाइल नाही, किंवा घरात आहे तो नवऱ्याच्या खिशात आहे, तिचा आलेख निघत नाही. दुसरीकडे गोष्टींचाही सुकाळ आहे. एका माणसाची हृदयद्रावक कहाणी सांगायची आणि तिच्यावरून सगळ्या समाजाचा निवाडा करून मोकळे व्हायचे. ‘माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत ना’ या वाक्याने सुरू होणारे समाजशास्त्र आपल्या प्रत्येकाच्या दिवाणखान्यात चालते. ते गृहस्थ खरे असतात. पण एका गृहस्थाचा समाज होत नाही.

आता येणाऱ्या जनगणनेकडे वळतो. जातींची नोंद व्हावी की नाही, यावर मते असू शकतात. मला इथे फक्त पद्धतीबद्दल बोलायचे आहे. १९३१ मध्ये देशात ४,१४७ जातींची नोंद झाली होती. २०११ मध्ये सामाजिक-आर्थिक आणि जातवार पाहणी झाली तेव्हा जातीचा रकाना मोकळा ठेवलेला होता. सांगतील ते लिहायचे. कुणी जात सांगितली, कुणी पोटजात, कुणी आडनाव, कुणी कूळ. एकाच नावाची प्रत्येकाने निरनिराळी अक्षरे लिहिली. २०२१ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितले की या पाहणीत सुमारे ४६ लाख नावे निघाली. एकट्या महाराष्ट्रात ४,२८,६७७. हे आकडे वापरण्याजोगे नाहीत, असे सरकारचे म्हणणे पडले. मोकळा प्रश्न माणसाला मनासारखे बोलू देतो हा त्याचा गुण. पण लाखो उत्तरे एका सुतात ओवायची वेळ आली की तोच गुण गळ्याशी येतो. उलट आधीच छापलेल्या यादीतून निवडायला सांगितले तर मोजणी सुटसुटीत होते, पण यादी करणाऱ्याच्या डोक्यात जे नव्हते ते कायमचे बाहेर राहते. भटक्या-विमुक्तांतल्या लहान जमातींची नावे अशाच याद्यांच्या काठावर अडकून पडतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मोजणी नुसती मोजत नाही, मोजले जाणाऱ्यांना बदलतेही. रिस्लेने क्रमवारी लावतो म्हटल्यावर जातीजातींच्या सभा उभ्या राहिल्या आणि आम्हाला वरचा दर्जा द्या अशा अर्जांचा पाऊस पडला. १९११ मध्ये एकट्या बंगालमधल्या अशा अर्जांचे वजन दीड मण भरल्याची नोंद आहे. तेव्हा वर सरकण्यासाठी अर्ज होते. आज मागासलेपण सिद्ध करण्यासाठी मोर्चे निघतात. चार हजार आठशेच्या रेषेच्या आत अंग चोरून उभे राहिलेले गाव आणि ही माणसे यांत मला फार फरक दिसत नाही. रेषा ओढली की माणसे तिच्याकडे पाहून आपली जागा ठरवतात. त्यांना नावे ठेवण्याऐवजी रेषा कुठे आणि कशासाठी ओढली हे आधी विचारावे.

मग सामान्य वाचकाने करायचे काय? संख्याशास्त्र शिकायचे? तशी गरज नाही. पुढच्या वेळी एखाद्या पाहणीची बातमी वाचताना एवढेच पाहावे की किती जणांना विचारले, ते कसे निवडले, कोण उत्तरे द्यायला तयार झाले नाही आणि नेमका प्रश्न काय होता. बातमीत हे नसेल तर टक्केवारीवर वाद घालून घरातला रविवार खराब करू नये. आणि एखादी कहाणी वाचून डोळे भरून आले तर भरू द्यावेत, पण असे किती जण असतील हा प्रश्नही मनात येऊ द्यावा.

दुसरे काम त्याहून सोपे आणि त्याहून महत्त्वाचे आहे. आपण सगळे फक्त वाचक नाही, उत्तरे देणारेही आहोत. जनगणनेचा प्रगणक बहुधा एखाद्या शाळेतली शिक्षिका किंवा शिक्षक असतो. स्वतःचे वर्ग सांभाळून, जिने चढून तो आलेला असतो. ‘नंतर या’ म्हणून त्याला दारातून परत पाठवणे हा आपल्या मोठमोठ्या सोसायट्यांतला शिष्टाचार होऊन बसला आहे. त्याला खुर्ची द्यावी, पाणी विचारावे. ‘कुटुंबात काम करणारे किती?’ असा प्रश्न आला की घरातल्या कर्त्या पुरुषाने क्षणभर गप्प बसावे आणि ज्या स्वयंपाकघरात असतील त्यांना बाहेर बोलवावे. शिकवण्या घेणारी, पोळ्या-लाडू करून विकणारी, दुकानात गल्ल्यावर बसणारी, शेतात राबणारी बाई ‘काही नाही, घरीच असते’ असे म्हणाली तर तिला थांबवावे. ती काय करते ते तिचे तिलाच सगळे सांगू द्यावे, आणि प्रगणकाने ते लिहून घेतले ना, एवढे पाहावे.